मंदीत माणसं कमी मरतात म्हणे, मग माझ्या घरात ही धास्ती कसली?

पत्र

ताई, नमस्कार.

आम्ही भोसरीत राहतो. आमचे हे 19 वर्षं एका प्रेसशॉपमध्ये होते, शेवटची सहा वर्षं सुपरवायझर. गाड्यांचे सुटे भाग बनायचे तिथं. ऑर्डरी घटल्या तसा आधी ओटी (ओव्हरटाइम) बंद झाला, मग आठवड्यातून दोन दिवस शटडाउन, आणि शेवटी 17 जणांकडून राजीनामे लिहून घेतले. त्याला आता तीन महिने झाले. यांचं वय 46. बीपी आहे. गोळ्या महाग पडतात म्हणून एक दिवसाआड घेतात, कधी तेवढ्याही नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइल, सकाळी दहापर्यंत अंथरुणात. पूर्वी महिन्यातून एखादी पार्टी व्हायची, आता आठवड्यातून तीनदा बाटली येते. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर गेला. आमचा स्वतःचा एक आहे, त्याचा हप्ता पुढच्या महिन्यात. हे म्हणतात, यंदा राहू दे. गावी सासऱ्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

माझे दीर हिंजवडीला आयटीत आहेत. परवा जेवताना म्हणाले, “वहिनी, काळजी करू नका, मंदीत लोक उलट कमी मरतात, असं संशोधन आहे.” सगळे हसले. हे पण हसले आणि म्हणाले, “मी गेलो तर एलआयसीचे पैसे तरी येतील हिला.” मला तेव्हापासून झोप नाही. दीर म्हणतात ते खरं आहे का? आणि मी काय करू?

ता. क. माझी एक सोनोग्राफी सांगितली होती, ती राहिलीय. पण ते काय, होईल सावकाश.

– एक वाचक, भोसरी

उत्तर

ताई, तुमच्या दिरांचं उत्तर मी देणार आहे, आणि ते तुम्हाला वाटतं तेवढं सोपं नाही. पण आधी एलआयसीचं वाक्य.

हसत म्हटलं म्हणून ते विनोद ठरत नाही. नोकरी गेलेला, झोप उडालेला, पिणं वाढलेला माणूस ‘मी गेलो तर’ असं म्हणतो तेव्हा त्याला त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, एकांतात सरळ विचारायचं असतं: “तुमच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?” असेच शब्द. आडून आडून नाही. असं विचारलं की नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती बहुतेक घरांत असते. ती खरी नाही. उलट कुणीतरी नाव घेऊन विचारलं याचाच माणसाला आधार वाटतो. उत्तर ‘हो’ असेल, किंवा ते गप्प बसले आणि ती शांतता तुम्हाला खुपली, तर त्यांना एकटं सोडू नका. 14416 वर फोन करा. ही टेलिमानस नावाची सरकारी सेवा, दिवसरात्र चालू, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. फोन त्यांनीच केला पाहिजे असं नाही, तुम्हीही करू शकता. घरातली जास्तीची औषधं आपल्या कपाटात ठेवा. गावी जाणार असाल तर फवारणीची औषधं कुलपात आहेत ना, ते सासऱ्यांना सांगून बघून घ्या. कारण सांगायची गरज नाही, “घरात नातवंडं असतात” म्हटलं तरी पुरे.

हे तुम्ही आजच विचाराल असं मी धरून चालते. आता दिरांकडे वळू.

ते खोटं बोलत नाहीत. क्रिस्टोफर रूम नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने 2000 साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात 1972 ते 1991 या वीस वर्षांतले अमेरिकेतल्या राज्यांचे आकडे होते. बेरोजगारीचा दर 5 टक्क्यांवरून 6 वर गेला की एकूण मृत्युदर सुमारे अर्ध्या टक्क्याने खाली येतो, असं त्याला दिसलं. रस्त्यावरच्या अपघातांतले मृत्यू तर 3 टक्क्यांनी कमी. ही गोष्ट त्याच्याही आधी, 1922 मध्ये, ऑगबर्न आणि थॉमस या दोन संशोधकांच्या नजरेत आली होती. मग 1929 ची जागतिक महामंदी आली. बँका बुडाल्या, मोफत सूपच्या रांगा लागल्या. आणि त्याच काळात अमेरिकेतलं सरासरी आयुर्मान 1929 मधल्या 57 वर्षांच्या आसपासवरून 1933 पर्यंत 63 च्या आसपास गेलं. तापिया ग्रानादोस आणि दिएझ रूह या दोन संशोधकांनी 2009 मध्ये हे आकडे पुन्हा तपासून मांडले. पुरुष, बायका, गोरे, काळे, सगळ्यांचं आयुर्मान वाढलं होतं. त्या काळात एक गोष्ट मात्र वाढली. आत्महत्या.

हे असं का होतं, हे तुम्हाला भोसरीत बसून जास्त कळेल. तेजीत काय असतं? तीन शिफ्ट, डबल ओटी, रात्रपाळीहून थेट सकाळपाळीला थांबलेली पोरं, पुणे-नाशिक रस्त्यावर कंटेनरमागे कंटेनर, आणि झोप अर्धी झालेली असताना दुचाकीवरून घरी येणारा माणूस. कारखाने मंदावले की हवा थोडी निवळते, ट्रक कमी होतात, आणि ज्यांची नोकरी टिकून आहे त्यांच्या अंगावरचा भार हलका होतो. अमेरिकेत 2008 नंतरच्या मंदीत मृत्यू घटले, त्यातला तिसऱ्या हिश्शाहून अधिक वाटा निवळलेल्या हवेचा होता, असा एका अलीकडच्या संशोधनाचा हिशेब आहे. आणखी एक कारण वाचून मी चकित झाले होते. घटलेल्या मृत्यूंमध्ये मोठा वाटा वृद्धाश्रमांतल्या म्हाताऱ्यांचा निघाला. तेजीत कमी पगाराच्या सेवेच्या कामाला माणूस टिकत नाही. मंदीत मिळतो, टिकतो, आणि अंथरुणावरच्या आजीला कूस बदलून द्यायला कुणीतरी हजर असतं.

म्हणजे बघा, ज्यांच्यामुळे सरासरी सुधारली त्यांत तुमचे यजमान कुठंच नाहीत. म्हातारे आहेत, रस्त्यावरून जाणारे आहेत, नोकरी टिकलेले आहेत. तुमचे दीरही आहेत, हिंजवडीच्या चौकातली गर्दी कमी झाली तर त्यांचाही फायदाच. ज्याची नोकरी गेली त्याचं काय, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर वेगळं आहे.

ते उत्तर पेनसिल्व्हेनियात मिळालं. पोलाद आणि जड उद्योगांचं राज्य. 1980 च्या आसपास तिथले कारखाने पटापट बंद पडले. सलिव्हन आणि फॉन वाख्टर या दोन अर्थतज्ज्ञांनी तिथल्या जुन्या कामगारांच्या नोंदी काढल्या, म्हणजे एकाच कंपनीत वर्षानुवर्षं काढलेले पुरुष, तुमच्या यजमानांसारखे. नोकरी गेल्यानंतरच्या वर्षात त्यांचा मृत्युदर 50 ते 100 टक्क्यांनी जास्त होता. वीस वर्षांनंतरही तो 10 ते 15 टक्क्यांनी जास्तच राहिला. चाळिशीत नोकरी गेली असेल तर आयुष्यातलं एक ते दीड वर्ष गेलं, असा त्यांचा अंदाज.

हे वाचून घाबरू नका. चाळीस-पंचेचाळीसच्या माणसाचा एका वर्षात मरण्याचा धोका मुळातच थोडा असतो, थोड्याचा दुप्पट झाला तरी तो थोडाच. पण हा आकडा मी लपवत नाही, कारण तुमची धास्ती वेड्यासारखी नाही हे तुम्हाला कळलं पाहिजे. तुम्ही आणि दीर दोघंही बरोबर आहात. ते गावाबद्दल बोलतायत, तुम्ही घराबद्दल.

(दिरांना आणखी थोडं सांगायचं असेल तर हेही सांगा, की रूमनेच 2010 पर्यंतचे आकडे घेऊन पुन्हा हिशेब केला तेव्हा त्याचा जुना निष्कर्ष पार फिका पडला होता. मंदी आणि एकूण मृत्यू यांचा फारसा संबंधच उरला नव्हता. गोळ्यांच्या आणि नशेच्या अतिसेवनाने होणारे मृत्यू मंदीत वाढायला लागले होते. आणि क्युबाचं उदाहरण ते देतीलच, सगळे देतात: सोव्हिएत मदत आटल्यावर 1990 नंतर तिथं लोक अर्धपोटी राहिले, पेट्रोल नाही म्हणून सायकली दामटल्या, वजनं उतरली आणि पुढे मधुमेहाचे, हृदयविकाराचे मृत्यू घटले. खरं आहे. त्याच क्युबात 1992-93 मध्ये कदान्नामुळे 50 हजारांहून अधिक लोकांची दृष्टी आणि नसा बिघडल्या, हे सहसा कुणी पुढे सांगत नाही.)

आपल्याकडचं चित्र तर आणखी वेगळं. अमेरिकेत मंदी म्हणजे ज्याच्याकडे गाडी आहे त्याने ती कमी चालवणं. आपल्याकडे मंदी म्हणजे दवाखान्यात जाणं पुढे ढकलणं. अर्थतज्ज्ञ सोनिया भालोत्रा यांनी 2010 मध्ये भारतातल्या जन्म-मृत्यूंच्या सर्वेक्षणावरून दाखवलं, की राज्याचं उत्पन्न घसरलं की ग्रामीण भागात तान्ह्या बाळांचे मृत्यू वाढतात. हात आखडला की आई पोट भरायला जास्त राबते आणि बाळाला दवाखान्यात न्यायला उशीर होतो. झळ मुलींना जास्त लागते. 59 विकसनशील देशांच्या दुसऱ्या एका अभ्यासातही तेच दिसलं, बाळं जास्त दगावतात आणि त्यांत मुली अधिक. या मुलींकडे मी शेवटी परत येणार आहे.

मी इंटर्न असताना मुंबईत परळच्या रुग्णालयात होते, 1983 साल. गिरणी संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला होता, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, आणि आम्ही वॉर्डात बसून त्याचा हिशेब वेगळ्या भाषेत वाचत होतो. क्षयाचे रुग्ण. तेव्हा क्षयाची औषधं बहुतेकांना वर्ष-दीड वर्ष चालायची. रुग्ण चार महिने यायचा, सुधारायचा, आणि मग येईनासा व्हायचा. खाडा झाला म्हणून घरी निरोप धाडला तर शेजारचे म्हणायचे, “गावी गेलाय, इथं खाणार काय?” कोकणात, साताऱ्याकडे, जिथं भात-भाकरी मिळेल तिथं. सहा-आठ महिन्यांनी बायको त्याला परत घेऊन यायची. तेव्हा त्याच्या छातीचा एक्सरे बघवायचा नाही. त्याला संपाने मारलं असं कुठल्याच कागदावर लिहिलं जाणार नव्हतं. कागदावर लिहिलं जायचं ‘फुप्फुसाचा क्षय’. मंदी माणसाला मारते ती बहुतेक वेळा अशी, दुसऱ्याच कुणाच्या नावावर.

म्हणून तुमच्या पत्रातल्या सगळ्या गोष्टींत मला ती एक दिवसाआडची गोळी सर्वांत जास्त बोचते. बीपीची गोळी ही काही पाहुण्याला चहा नाही, आज केला, उद्या राहू दिला. रक्तदाब वर-खाली झोके घेत राहतो. आणि ज्या गोळीच्या नावाच्या शेवटी ‘लॉल’ येतं, मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, ती तर अचानक बंद करणं धोक्याचं असतं, हृदयावर उलटा ताण येतो. त्यांची पट्टी बघा. उद्याच्या उद्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा, “नोकरी गेलीय, स्वस्तातली लिहून द्या.” आपल्याकडे माणसं डॉक्टरला सगळं सांगतात, शौचाचं सांगतात, पण खिशाचं सांगत नाहीत. मी तीस वर्षं ओपीडी केली. खिसा रिकामा आहे असं ज्याने तोंडाने सांगितलं, त्याची गोळी मी नेहमी बदलून देऊ शकले. जो लाजला त्याने घरी जाऊन मनानेच बदलली.

तीच गोळी जेनेरिक नावाने जनऔषधी केंद्रात निम्म्याहूनही कमी किमतीत मिळते. फुकटही मिळते: बीपी आणि साखरेची नेहमीची औषधं सरकारी आरोग्य केंद्रांत देतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी, उपचार निःशुल्क आहेत, तुम्हाला जवळचं म्हणजे औंधचं जिल्हा रुग्णालय. रांग असते, खरं आहे. पण घरात एक माणूस सकाळी रिकामा आहे ना? रांगेत त्यांनाच उभं राहू द्या. हे मी चेष्टेने म्हणत नाही, कारण पुढे सांगते.

आता मेडिक्लेम. “यंदा राहू दे” हे या क्षणी घरातलं सर्वांत महाग वाक्य आहे. तुमची पॉलिसी चार वर्षं जुनी असेल तर बीपीसारख्या आधीच्या आजारांसाठीचा थांबायचा काळ तुम्ही बहुधा पार केलेला आहे. 2024 च्या नियमांनुसार हा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. पॉलिसी तुटली की तो पुन्हा पहिल्यापासून. त्यात 46 व्या वर्षी, बीपी असताना, बेकार असताना नवी काढायला जाणं म्हणजे चढावर गाडी बंद पाडून पुन्हा किक मारणं. हप्ता भरायला तारखेनंतरही सवलतीचे दिवस मिळतात, वार्षिक हप्त्याला 30. पण त्या दिवसांवर बसून राहू नका. झेपत नसेल तर विम्याची रक्कम कमी करून घ्या, तिमाही हप्ते मिळतात का विचारा, सोन्याचा एखादा वळा असेल तर तोसुद्धा मी या कामाला काढेन. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून उठला आहे, त्यामुळे आकडा तुम्हाला वाटतो तेवढा नसेलही. नोकरी सुटायच्या बेतात असलेल्या इतर वाचकांनी मात्र एक ध्यानात ठेवावं: कंपनीचा गट विमा संपायच्या आधी अर्ज केला तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं. शेवटच्या दिवशी एचआरकडे पगाराच्या स्लिपा मागतो, तेव्हा हेही मागावं.

आणि दुसरा आधार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. ती आता फक्त पिवळ्या-केशरी रेशनकार्डापुरती नाही, पांढरं असलं तरी कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला गाठायचं. भरती होण्याजोग्या, यादीतल्या आजारांसाठी आहे ती, रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत. कार्डावर सगळ्यांची नावं बरोबर आहेत का आणि आधारशी जुळतात का, हे आज बघून ठेवा. रात्री अकरा वाजता अपघात विभागात बसून बघायची गोष्ट नाही ती.

ज्यांचा पगार 21 हजारांच्या आत होता, त्या सतरांपैकी बाकीच्यांना तुम्ही एक निरोप द्या. ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, औषधोपचार नोकरी सुटली त्या दिवशी संपत नाही, आधी भरलेल्या वर्गणीवर पुढचे काही महिने तो चालू राहतो. आणि बेकारीच्या काळासाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी पगाराच्या 50 टक्के, 90 दिवसांपर्यंत, मिळण्याची सोय केलेली होती; ती अजून चालू आहे का ते विचारा. शाखा कार्यालयात जाऊन विचारल्याशिवाय कुणी घरी आणून देत नाही.

तुम्ही म्हणाल, ताई, गोळी-विमा झालं, पण हा माणूस दहापर्यंत झोपतो त्याचं काय?

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं एक गाव होतं. कापडगिरणीवर जगणारं. महामंदीत गिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. 1931 च्या सुमारास मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तरुण संशोधकांच्या गटाने तिथं अभ्यास केला. त्यांनी साध्या गोष्टी मोजल्या. घड्याळ लावून रस्त्यावरून चालणाऱ्यांचा वेग मोजला. पुरुष सावकाश चालायचे, मधेच दोन-तीनदा थांबायचे. बायका भराभर चालायच्या, कारण त्यांना घरचं काम होतंच. पुरुषांनी खिशात घड्याळ ठेवणं सोडून दिलं होतं. आता वेळच वेळ आहे तर लोक वाचतील असं वाटलं, तर वाचनालयातून पुस्तकं नेणं उलट घटलं. दिवसभरात काय केलं असं विचारलं की पुरुषांना सांगता यायचं नाही. उठलो, जेवलो, मधलं काही आठवत नाही.

याहोडाबाईंनी पुढे आयुष्यभर सांगितलं, की नोकरी पगाराखेरीज बरंच काही देते: दिवसाला चौकट देते, घराबाहेरची माणसं देते, आपण कुणाच्या उपयोगाचे आहोत हे रोज सांगते. कंपनीच्या बसचा हॉर्न, कार्डपंचिंग, चहाची वेळ, “साहेब, डाय सेट झाली का बघा” म्हणणारा ऑपरेटर. 19 वर्षं हे होतं, तीन महिन्यांपूर्वी एका सहीनं गेलं. म्हणून मी म्हटलं, औंधच्या रांगेत त्यांना उभं करा. सकाळी साडेसातला घराबाहेर पडायचं एक निमित्त पाहिजे. सासऱ्यांना खरं सांगणं हे दुसरं निमित्त, आणि ते त्यांनी स्वतः गावी जाऊन सांगितलं तर बरं. लपवण्यात जितकी ताकद जाते तितकी नोकरी शोधण्यात जात नाही हो. म्हातारी माणसं आपल्याला वाटतात त्यापेक्षा चिवट असतात, सासऱ्यांनी दुष्काळ पाहिलेला असेल.

काम कोणतं? सुपरवायझरला लगेच सुपरवायझरची जागा मिळेल असं नाही. आयटीआयवाल्यांना शिकवणं, मित्राच्या वर्कशॉपमध्ये अर्धा दिवस, काहीही, पण त्याला ठरलेली वेळ हवी. पगार आधी कमी असेल. पेनसिल्व्हेनियाच्या त्या माणसांनाही मोठा मार बसला तो उत्पन्न कायमचं खाली आल्याचा आणि डळमळीत झाल्याचा. तेव्हा ‘माझ्या लायकीचं मिळेपर्यंत थांबतो’ या हट्टापेक्षा कमी पण दर महिन्याला येणारे पैसे त्यांच्या छातीला बरे.

दारूबद्दल मी भाषण देणार नाही. एवढंच सांगते. सोव्हिएत संघ कोसळल्यावर रशियात पुरुषांचं सरासरी आयुर्मान 1990 मध्ये 64 च्या आसपास होतं, ते 1994 पर्यंत 58 च्या खाली आलं. चार वर्षांत सहा वर्षं. कारणं अनेक होती, पण त्यात दारूचा हात फार मोठा. बीपीच्या माणसाची दारू आणि अर्धवट झोप, ही जोडी रक्तदाब वरच ठेवते, मग गोळी घेऊनही पुरता उपयोग होत नाही. बाटली फेकायला जाऊ नका, भांडण होईल आणि दुसरी येईल. घरात बीपीचं मशिन असेल तर प्यायल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आणि न प्यायल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनाच मोजून कॅलेंडरवर लिहायला सांगा. सुपरवायझर आहेत, रिडिंगवर त्यांचा विश्वास बसेल, तुमच्या बोलण्यावर कदाचित नाही. रोज पीत असतील, हात थरथरत असतील, तर मात्र एकदम बंद न करता डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची.

दिरांनाही कामाला लावा. 1970 ते 2007 या काळातल्या 26 युरोपीय देशांच्या आकड्यांवरून असं दिसलं होतं, की बेरोजगारी एका टक्क्याने वाढली की 65 वर्षांखालच्या लोकांतल्या आत्महत्या 0.79 टक्क्यांनी वाढतात. पण जिथं सरकार बेकार माणसाला पुन्हा कामाला लावण्यावर भरपूर खर्च करतं, तिथं हा धागा सुटतो. स्वीडनमध्ये 1990 नंतर बेकारी अचानक वाढली, आत्महत्या वाढल्या नाहीत. तिथं माणूस कामावरून निघाला की लगेच कुणीतरी त्याच्यापाठी लागतं: हे शिक, इथं अर्ज कर, उद्या ये. आपल्याकडे ते ‘कुणीतरी’ घरातलंच असावं लागतं. संशोधन वाचणाऱ्या दिरांनी दर रविवारी दोन तास भावाचा बायोडेटा, ऑनलाइन अर्ज आणि ओळखीपाळखी यांसाठी द्यावेत. तुम्ही मागून घ्या. जेवताना नाही, वेगळं बसवून.

आणि आता ता. क.

पत्राच्या सगळ्यात खाली, एका ओळीत, ‘होईल सावकाश’. भालोत्रांच्या अभ्यासातल्या त्या मुली मी बाजूला ठेवल्या होत्या, त्या इथं आल्या. घरात पैसा आटला की कुणाचं दुखणं आधी पुढे ढकललं जातं, ते मी परळलाही पाहिलं आणि तुमच्या पत्रातही पाहते आहे. नवऱ्याला एक्सरेसाठी खांद्यावर टाकून आणणाऱ्या त्या बायकांपैकी कितीजणींना स्वतःला खोकला होता, हे आम्ही विचारलंच नव्हतं. सोनोग्राफी कशासाठी सांगितली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पाळीच्या वेळचं रक्त जास्त जातंय, पोटात गाठ लागतेय, गोळा वाटतोय, यातलं काही असेल तर तिला सावकाश नसतं.

सोमवारी गोळ्यांसाठी औंधला जाणारच आहात. केसपेपर दोन काढा, एक त्यांच्या नावाचा आणि एक तुमच्या. तारीख मिळाली की मला कळवा, आणि आलेला रिपोर्ट समजला नाही तर त्याची प्रत याच सदराच्या पत्त्यावर पाठवा. नाव छापणार नाही.